हत्तीचं जेवण शाळेत आलं तेव्हा

समजा, मुलांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही ताटं घेऊन रांगेत बसला आहात. भाताचा वास यायची वेळ झाली आहे. आणि फाटकातून ताडाच्या झावळ्यांनी शिगोशीग भरलेला ट्रक आत येतो. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे आणखी एक!

त्रिश्शूरकडच्या एका देवस्थानाच्या शाळेत असंच झालं. लीलाम्मा टीचरनी कमरेवर हात ठेवले. "सुमंगला, माझ्या पोरांना सोंड फुटलीय असं कुणी सांगितलं गं तुला?"

सुमंगला संगणकाचे प्रोग्राम लिहायची. देवस्थानाच्या शाळेचा एक प्रकल्प आणि हत्तीचा एक, असे दोन्ही तिनंच केले होते. आदल्या दिवशी तिनं ते जोडून एकच अ‍ॅप बनवलं. दोन्हींत 'जेवण' नावाचा एकेक तुकडा होता. वेगळे राहत होते तोवर त्यांचं छान चाललं होतं. एकत्र येताच हत्तीच्या जेवणानं शाळेच्या जेवणाची जागा बळकावली. सकाळी अ‍ॅपनं दर मुलामागे एका हत्तीचा चारा मागवला, तांदूळ मागवलाच नाही.

तेवढ्यात माहूत वेलायुधन धापा टाकत आला. "चेची, अहो सुमंगलाताई, पंचक्रोशीतल्या झावळ्या सगळ्या इकडं! आमचा मणिकंठन सकाळपासनं उपाशी. वासावर निघालाय, ऐकेना."

"कुठवर आलाय?"

"जरा माझ्या मागं बघा की!"

फाटक भरून मणिकंठन उभा होता. त्यानं सोंडेनं एक झावळी इतकी अलगद उचलली, की मुलं स्वतःची भूक विसरून बघतच राहिली.

सुमंगला पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली. 'जेवण' शेकडो ठिकाणी होतं. कुठलं कुणाचं, कसं कळावं? इकडे हत्ती आत आला म्हणून टीचरनी मुलं मोजायला घेतली. वर्गात अनघा दोन, म्हणून तिकडच्या रीतीनं नावाआधी घराचं नाव. "पुत्तनवीट्टिल अनघा!" "हजर!" "किळक्केडत्त अनघा!" "हजर!"

सुमंगलाची बोटं थांबली. मग भराभर चालू लागली. शाळा.जेवण. हत्ती.जेवण. शाळा.घंटा. हत्ती.घंटा. एकेका नावाआधी त्याचं घर लागत गेलं, आणि मघाशी एकमेकांच्या अंगावर पडणारी ती हजारो नावं मुकाट्यानं आपापल्या दारी जाऊन बसली. तिनंच लिहिलेलं होतं सगळं, तरी तिच्या अंगावर काटा आला.

फोन वाजला. तांदूळ निघाला होता.

पुत्तनवीट्टिलची अनघा केव्हाची तिच्या खांद्यावरून डोकावत होती. "म्हणजे घराचं नाव लावलं की जेवण त्याच घरी जातं?"

"बरोब्बर गं पोरी, मोळे."

"आणि ज्याचं जेवण, तोही?"

"तो कुठं जाणार दुसरीकडे?" सुमंगला हसली.

अनघानं मणिकंठनकडे बराच वेळ पाहिलं. मग टीचरच्या टेबलावरचा खडू घेतला, वेलायुधनचं बोट धरून हत्तीपाशी गेली, आणि टाचा उंचावून त्याच्या पुढच्या पायावर मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: पुत्तनवीट्टिल.