माझ्या दंडावरची देवी

मंकीपॉक्सला मी भीत नाही! हे वाक्य मी आमच्या वाचनालयात, भर दुपारी, परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर मूठ आपटून म्हटलं. त्या दणक्याने शिक्क्याची शाई माझ्याच शर्टावर उडाली, पण शूरवीरांनी असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं.

झालं होतं असं, की शहरात मंकीपॉक्सचे दोन रुग्ण सापडल्याची बातमी पेपरात आली आणि आमच्या ग्रंथपालबाई परत आलेली पुस्तकं चिमट्याने उचलायला लागल्या. जाडजूड शब्दकोश चिमट्यात धरून त्या कपाटाकडे निघाल्या की सगळं वाचनालय श्वास रोखून बघायचं. शेवटी एक खंड माझ्या पायावर पडला आणि मी शर्टाची बाही वर केली.

"हे बघा! देवीची लस! देवी आणि मंकीपॉक्स म्हणजे चुलतभाऊ. एकासाठी टोचलं की दुसऱ्यालाही धाक बसतो. पेपरातच आलंय! तुम्ही सगळी नंतर जन्मलेली मंडळी. तुमचे दंड म्हणजे कोरे कागद!"

सगळे गोळा झाले. कोटाच्या गुंडीएवढा गोल व्रण! ग्रंथपालबाईंनी चष्मा सारखा करून तो नीट तपासला.

"अगदी ठळक उमटलाय हो," त्या म्हणाल्या आणि चिमटा माझ्या हातात दिला.

झालं! त्या दिवसापासून शिंकणारे वाचक माझ्याकडे, दारांच्या मुठी पुसणं माझ्याकडे, ओलसर वासाची पुस्तकं माझ्याकडे. तक्रार तरी कुणाकडे करणार? मला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नव्हतं. मीच शिडी घेऊन गेलो होतो.

अशात आमच्या बाइंडरांच्या हातांवर फोड आले. बाइंडर म्हणजे तळघरात बसून फाटक्या पुस्तकांना पुन्हा उभं करणारा माणूस. पंचवीस वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खातो आणि तेवढ्या वेळात ते फार तर चार वाक्यं बोलतात. आधी हातांवर फोड, मग मानेवर, वर अंगात कणकण. आरोग्य केंद्रात त्यांचा नमुना घेतला आणि सांगितलं, अहवाल येईपर्यंत घरात एकटे राहा. हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षं ते एकटेच राहतात.

रविवारी मी त्यांना फोन केला. "काही हवंय का?"

"नको."

मग हळूच, "थोडं गरम सूप मिळालं असतं तर..."

पंचवीस वर्षांत या माणसाने कुणाकडे साधं पेन मागितलेलं मला आठवत नाही.

"निघालोच!"

"अहो, येऊ नका! लागण होईल तुम्हाला."

"मला? माझा दंड विसरलात?"

गेलो. सूप पाजलं, उशीचे अभ्रे बदलले, भांडी घासली. निघताना त्यांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले. आणि ते मी त्याच हाताने पुसले!

घरी आलो तोच ताईचा फोन. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. राहते दुसऱ्या शहरात, भावजी गेल्यापासून एकटीच. मी इथे एकटा. दर रविवारी तिचा फोन येतो. "बरा आहेस?" "बरा आहे." "ठेवते." एवढंच आमचं भाऊ-बहिणीचं प्रेम! पण त्या दिवशी मला राहवलं नाही. सगळा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला.

"बघ ताई, लहानपणी घेतलेली लस म्हातारपणी अशी कामाला येते!"

"कुणी घेतलेली?"

"मी!"

मग ताई अशी हसायला लागली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अरे वेड्या, तुला देवी टोचलीच नाहीये!"

"मग दंडावर हे काय आहे?"

"ती बेकरीच्या भट्टीची मूठ!"

तेव्हा कळलं ते असं. शाळेत देवीची लस टोचायला आले, त्या दिवशी मी रांगेतून पळालो आणि शेजारच्या बेकरीत भट्टीआड जाऊन दडलो. तिथे दंड टेकला तो नेमका भट्टीच्या दाराच्या तापलेल्या मुठीला. म्हणजे साठ वर्षांचा होत आलो तरी जो शौर्याचा शिक्का मी मिरवत होतो, तो पळपुटेपणाचा होता!

"पण मग शाळेतल्या लसीच्या यादीत माझ्या नावापुढे खूण कशी झाली?"

"मी बसले ना तुझ्या जागी! उवांमुळे माझे केस कापलेले होते. मुलींच्या रांगेत डावा हात दिला, तुझी टोपी घातली, मुलांच्या रांगेत उजवा दिला. तीन दिवस तापाने फणफणले होते. आईला अजून, म्हणजे शेवटपर्यंत, पत्ता नव्हता."

माझी पाचावर धारण बसली. फोन ठेवला आणि आरोग्य केंद्रात लावला. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"जुन्या लसीचा थोडाफार उपयोग होतही असेल," त्या म्हणाल्या, "पण इतक्या वर्षांनी किती उरलाय ते दंड बघून सांगता येत नाही. तिच्या भरवशावर रुग्णाजवळ जायचंच नसतं."

"आणि लस घेतलेलीच नसेल तर?"

"तर मुळीच जायचं नसतं! आता अहवाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत बसा. ताप, पुरळ काहीही दिसलं तर लगेच कळवा."

बसलो. रात्रभर अंगावरचे तीळ मोजले. काल ते इतके नव्हते अशी माझी खात्रीच पटली!

सोमवारी सकाळी शेजाऱ्यांकडच्या किल्लीने कुणीतरी घर उघडलं आणि माझ्या खोलीच्या दाराबाहेर बॅग आपटल्याचा आवाज आला.

"ताई? तू कशाला आलीस? लागण होईल!"

"मला दोनदा टोचलंय. गप्प बस."

मी आतून नर्सबाईंना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. "बाई, दोनदा टोचलं म्हणजे संरक्षण दुप्पट होत नाही!" त्यांनी ताईला झाडलं. "मास्क लावा, हात धुवा, खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि तुमचा नंबर देऊन ठेवा."

मग ताईने दाराबाहेर स्टूल मांडलं. आधी ताट सरकवायची आणि जायची. मग ताट सरकवून बसायला लागली. मी दाराच्या अलीकडे जमिनीवर, ती पलीकडे. मंगळवारी आम्ही आईच्या आवाजातली भांडणं हुबेहूब करून दाखवली आणि दोघंही हसून हसून लोळलो. बुधवारी ती भावजींच्या शेवटच्या महिन्याबद्दल बोलली. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मीही कधी विचारलं नव्हतं.

"आता घरात दिवसभर रेडिओ लावून ठेवते," ती म्हणाली. "ऐकत नाही. कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

मी विचारलं, "ताई, त्या दिवशी माझ्या जागी का गं बसलीस?"

"तू फार रडत होतास. मला वाटलं, एकदा दुखलंच आहे, अजून एकदा दुखेल."

दाराला हँडल असतं, तसं एखादं भोक असायला हवं होतं. हात घालता येईल एवढं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आमच्या गप्पा आता शाळेपर्यंत पोचल्या होत्या. शनिवारी ऐन रंगात आलेलो असताना बेल वाजली. ताईने दार उघडलं. बाहेर बाइंडर! हातांना मलम, बगलेत सुपाचं माझं रिकामं भांडं.

"बाइंडिंगचा नवा सरस मानवला नाही हो मला," ते म्हणाले. "मंकीपॉक्स नाहीच. कणकण साध्या सर्दीची होती. पण हे तर मी तुमच्या भावाला गुरुवारीच फोनवर सांगितलं!"

मी खोलीत पटकन पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

"तुला गुरुवारीच कळलं होतं?" ताईचा आवाज दारावर येऊन थडकला.

"म्हणजे... मी खात्री करून घेत होतो."

"आणि नर्सबाईंनीही गुरुवारीच कळवलं ना?" बाइंडर निरागसपणे म्हणाले. पंचवीस वर्षांत इतकी वाक्यं ते सलग कधी बोलले नव्हते! "ताईंशीच बोलणं झालं म्हणाल्या."

आता बाहेर उगाचच स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"मीही खात्रीच करून घेत होते," ताई म्हणाली.

मी कडी काढली. ताई स्टुलाला धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे नाही.

"ताई," मी घसा खाकरला, "तरी अजून आठवडाभर राहिलीस तर... खबरदारी म्हणून..."

"तेच म्हणणार होते मी. खबरदारी घेतलेली बरी."

बाइंडरांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं.

"पण मग आता आजारी नक्की कोण आहे?"

"ते ठरायचंय अजून," ताई म्हणाली. "तुम्ही आधी बसा."