अण्णांची रविवारची तारीख

आमच्या कायदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा खुद्द कुलगुरूंना दारात अडवलं गेलं. अडवणारे हुक्केरीकर अण्णा, आमच्या वाचनकक्षाचे प्रमुख. कुलगुरूंच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. ते म्हणाले, "मी इथला कुलगुरू आहे." अण्णांनी शांतपणे विचारलं, "कुठं छापलंय?" कुलगुरूंनी भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे बोट केलं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, आधी फोटो पाहिला, मग माणूस पाहिला आणि म्हणाले, "फोटोत केस हाईत." शेवटी मी बाहेर येऊन 'हेच ते' अशी साक्ष दिली तेव्हा कुठे कुलगुरूंना आत घेतलं. पण तोंडी साक्षीवर भागवावं लागल्याचं दुःख अण्णांच्या चेहऱ्यावर दिवसभर होतं.

मी याच ग्रंथालयात संगणकाच्या बाजूला बसते. निकालांचे डेटाबेस, पासवर्ड आणि पासवर्ड विसरणारे प्राध्यापक, असं माझं खातं. मूळची पुण्याची. बंगळुरात येऊन बरीच वर्षं झाली तरी माझं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरोबर, या दोन शब्दांच्या पुढं सरकलेलं नाही. एवढ्यावर भाजी मिळते आणि रिक्षा थांबते, आणखी काय हवं? अण्णा हुक्केरीकडचे. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, त्यामुळे तिन्ही भाषांत 'कुठं छापलंय' विचारू शकतात. माझ्या दोन शब्दांची त्यांना मनापासून लाज वाटते. मला वाटत नाही.

न छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हा अण्णांचा धर्म. कँटीनचं सांबार आंबलंय, असं मी एकदा बजावलं. झालं! "कुठं छापलंय?" म्हणून दोन वाट्या प्यायले आणि मग रजेवर गेले. रजेचा अर्ज मात्र छापील नमुन्यात, कारणासकट.

त्यांचा आवाज म्हणजे टेम्पोचा हॉर्न. वाचनकक्षात कुणी कुजबुजलं की ते 'सायलेन्स' असं ओरडतात आणि पुढची पाच मिनिटं कुणाचंच वाचनात लक्ष लागत नाही. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा जवळ आल्या की आमची गुणी मुलं कामाचे खंड कुणीच न फिरकणाऱ्या शेतीकराच्या कपाटामागे दडवून ठेवतात, दुसऱ्या संघाला मिळू नयेत म्हणून. उद्याचे न्यायाधीश हो! अण्णा ते खंड मुकाट्यानं जागेवर लावतात आणि त्या फटीत चिठ्ठी ठेवतात, 'शेतीकर विभागात आपले स्वागत आहे.' चिठ्ठीसुद्धा छापून घेतलेली.

एक काम मात्र ते आवाज न करता करायचे. एखादा जुना निकाल पुढं मोठ्या खंडपीठानं चुकीचा ठरवला, की आमच्याकडे जुन्या खंडात त्या पानावर लाल चिठ्ठी चिकटवायची पद्धत होती. उद्देश साधा, कुणा वकिलानं तो निकाल चुकून कोर्टात वापरू नये. अण्णा दर आठवड्याला निकालांचे नवे अंक वाचायचे, जुना खंड काढायचे, चिठ्ठी लावायचे, आणि मग ते पान उघडं ठेवून उगाच बसून राहायचे. मला वाटायचं, डुलकी काढतायत.

लग्न केलेलं नाही, खोली भाड्याची, जेवण खानावळीत. रविवारी काय करता, असं विचारलं की उत्तर एकच, "तारीख असती." आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की गावाकडं भावाशी जमिनीचा दावा चालू असणार. दोन प्राध्यापकांनी तर फुकट सल्लाही देऊ केला होता. इतका मोठा कायदेपंडितांचा तांडा, पण रविवारी कोर्टं बंद असतात हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मग नवे संचालक आले. हुद्द्यावर आल्या आल्या त्यांना कळलं की ग्रंथालयात पुस्तकं फार झाली आहेत. सगळं ऑनलाइन असताना निकालांचे जाडजूड खंड कशाला? खंड गोदामात हलवायचे, छापील अंक बंद करायचे आणि त्या जागी बीनबॅग टाकायच्या, विद्यार्थ्यांनी म्हणे लोळत लोळत विचार करायचा. आदेश ईमेलनं निघाला. अण्णा ढिम्म. व्हॉट्सअ‍ॅपवर आला. अण्णा ढिम्म. संचालक स्वतः आले, तेव्हा त्यांना काय ऐकावं लागलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. अखेर कागदमुक्त ग्रंथालयाचा आदेश कागदावर छापून, सही-शिक्क्यानिशी आणावा लागला.

अण्णांनी तो दोनदा वाचला. "सरी," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या हातानं खंड बांधायला लागले. मला वाटलं होतं, भांडतील. पण छापलेलं ते मानणार, ही त्यांची खोड आता त्यांच्याच मुळावर आली होती. मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं सगळ्या जगाशी हुज्जत घातली आणि नेमकं आता गप्प?

त्याच आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले. संगणकाला ते कधी हात लावत नसत, बोट दाखवतानाही लांबून दाखवायचे. म्हणाले, "मॅडम, ह्यात ती लाल चिठ्ठी कुठं चिकटवतात?" मी एक निकाल उघडून दाखवला. नावाशेजारी लाल झेंडा होता. आपोआप येतो, चिकटवावं लागत नाही, असं मी जरा मिरवूनच सांगितलं.

"मग त्या माणसाला कोण सांगतंय?"

"कुठल्या माणसाला?"

"हरलेल्या."

मी हसले. त्याला कशाला सांगायचं? खटला कधीच संपलेला असतो. दुसऱ्या कुणाच्या खटल्यात तत्त्व बदललं म्हणून याचा निकाल काही उलटत नाही. मी हे सगळं ऐकवलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारी मोकळी हाईस? शिवाजीनगरला ये." एरवी मॅडम म्हणणारा माणूस एकदम अगंतुगंवर आला, म्हणून मी गेले.

शिवाजीनगरात, म्हणजे पुण्याच्या नव्हे, बंगळुरातल्या, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, रिक्षांच्या सीटला कव्हरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. इक्बालसाब त्यांचं नाव. तरुणपणी कारखान्यात होते. आजारपणात खाडे झाले, आणि कारखान्यानं एका शब्दानं न विचारता काढून टाकलं. 'मला विचारायला तरी हवं होतं,' एवढंच त्यांचं कोर्टात म्हणणं होतं. हरले. तो निकाल आमच्या खंडात छापला गेला, आणि आता कुठे मोठ्या खंडपीठानं म्हटलं होतं की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय असं काढता येत नाही. खंडांच्या बांधाबांधीआधी अण्णांनी लावलेली ती शेवटची लाल चिठ्ठी. कोर्टातल्या जुन्या कारकुनांच्या मागे लागून त्यांनी पत्ता काढला होता.

अण्णांनी त्यांना दखनीत सगळं समजावलं. इक्बालसाबनी मशीन थांबवलं नाही. "तो अब क्या मिलता?"

"कुछ नै मिलता, साब."

"फिर कायकू आए?"

"तुम सच बोले थे, इत्ताच बोलने आया."

मशीन थांबलं. टेम्पोच्या हॉर्नचा आवाज असलेला हा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. इक्बालसाबनी कापड सुईखालून काढून बाजूला ठेवलं. मग उठून आतला पडदा सारला, बायकोला बाहेर बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि अण्णांना म्हणाले, "फिरसे बोलो, साब. इनके सामने."

अण्णांनी पुन्हा सांगितलं. ती बाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, मी कधी तुम्हाला खोटं म्हटलं? ते म्हणाले, तुझे अब्बा म्हणायचे, काहीतरी केल्याशिवाय कुणी काढतं का. अब्बा जाऊन जमाना झाला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत गेली. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की माझा पारा चढतो. बाहेर पडल्यावर मी सगळा राग अण्णांवर काढला.

"हे असं दारोदार जायचं कुठल्या नियमात आहे, अण्णा? कुठं छापलंय?"

"छापलं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "म्हणून तर जावं लागतंय."

कित्येक वर्षं ते हेच करत आले होते. कुठे दार उघडायचंच नाही, कुठे माणूस उरलेला नसायचा, एका ठिकाणी तर वसुलीवाले समजून अंगावर कुत्रं सोडलं. हा त्यांचा भावाशी चाललेला जमिनीचा दावा! आता अंक बंद म्हणजे चिठ्ठ्या बंद, चिठ्ठ्या बंद म्हणजे रविवारही बंद. एवढंच त्यांना माझ्या टेबलापाशी विचारायचं होतं, आणि मी त्यांना लाल झेंडा दाखवून मिरवत होते.

खंड गेले. बीनबॅग आल्या. त्यांत रुतलेले प्राध्यापक आपले आपण उठू शकत नाहीत, अण्णा हात देऊन काढतात, आणि काढण्याआधी ओळखपत्र बघतात. ग्रंथालय कागदमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र छापून, चौकटीत घालून भिंतीवर लावलंय. दर शनिवारी मात्र माझ्या खोलीतल्या प्रिंटरमधून एक पान निघतं. लाल झेंडे लागलेल्या निकालांतली हरलेल्यांची नावं. अण्णा ते चष्मा वर करून वाचतात. कधी दोन्हीकडे नुसत्या कंपन्याच असतात, मग ते पान परत देतात. "ह्या आठवड्यात माणूस न्हाई."

परवा त्यांचा गुडघा धरला. पान हातात होतं, पत्ता शहराबाहेरच्या आनेकलचा मिळाला होता. हरलेला माणूस शाळेवर पहारेकरी होता, त्यालाही असाच न विचारता काढलेला. तो गेला, बायको आहे. वय झालेलं, थांबून चालण्यासारखं नव्हतं. अण्णांनी मला वाचनकक्षाच्या पायरीवर बसवून एक कन्नड वाक्य शिकवलं. मी दहादा चुकले, ते दहादा ओरडले, आत सगळी मुलं ऐकत होती. आनेकलच्या बसमध्ये मी तेच पुटपुटत बसले. कंडक्टरनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

दार तिनंच उघडलं. हाताला नाचणीचं पीठ लागलेलं. तिला वाटलं, मी कसलीतरी नोंदणी करायला आले. मी एका दमात म्हटलं, "निम्म यजमानरु हेळिद्दु सरी इत्तु." तुमच्या मालकांचं म्हणणं बरोबर होतं.

ती भरभर काहीतरी विचारायला लागली. माझे दोन शब्द तिथं काय कामाचे? मला एक अक्षर कळलं नाही. म्हणून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तेव्हा ती बोलायची थांबली, उंबऱ्याबाहेर येऊन पायरीवर बसली आणि शेजारची जागा पदरानं पुसली. मी बसले, आणि आणखी एकदा म्हटलं.