हिंदुरावांचा न हलणारा हात

"नानासो, खोटं वाटंल! शपथ घेतली तरी कुनाचा इस्वास बसायचा न्हाई!" उंब्रजच्या हिंदुराव सुभेदारांनी नानासोंच्या सांगलीतल्या गुळाच्या पेढीवर मांडी ठोकली. डोळा मात्र गादीवरच्या कॅमेऱ्यावर! नानासोंच्या जावयानं तो मुंबईहून आणलेला. पुढंमागं सरकणारं भिंग दुधी भोपळ्याएवढं. पैलतीरावरच्या माणसाच्या मिशा मोजाव्यात! उद्या कृष्णेत होड्यांच्या शर्यती, आणि नानासोंची अट एकच.

"एवढं लांबडं भिंग, हात हलला की फोटूचं पिठलं! ज्याचा हात हलत न्हाई, त्याच्याच गळ्यात ह्यो घालनार."

तो गळा आपलाच, हे हिंदुरावांनी एसटीत बसतानाच ठरवलं होतं.

"तर मागल्या सालची शर्यत. पलटणीतल्या सायबाचा असलाच क्यामेरा माज्या हातात. बंदुकीवानी धरला, कोपरं बरगडीत, श्वास बंद! पर टेकायला काय? शेजारी म्हैस हुबी हुती, तिलाच टेकलो."

"म्हशीला?"

"तर! पर ती रवंथ करतीया, भिंग गदागदा हलतंया. म्हनलं, बाई, जरा दम धर. तर तिनं बी श्वास कोंडला!"

गुमास्ता धोंडिराम फिस्सकन हसला.

"हसू नगंस! श्वास कोंडल्यावर तिला गरम झालं, निघाली नदीत. मी टुनकन पाठीवर. पानी छातीपातूर! मला फांदी समजून भिंगावर खंड्या येऊन बसला. पर हात? दगड! होड्या आल्या, चाप दाबला. ह्यो बगा फोटू!"

फोटो खरंच लख्ख. वल्ह्यावरून उडालेला थेंबन्‌थेंब वेगळा! नानासोंनी कॅमेऱ्याचा पट्टा उचलला. सत्काराचा हार घालून घ्यावा तशी हिंदुरावांनी मान पुढं केली.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या येसूबाईंनी, नानासोंच्या मंडळींनी, फोटो उजेडाला धरला.

"आवं सुभेदारभावजी, समदं झ्याक आलंय. कोपऱ्यातला ह्यो गडी तेवढा हललाय बगा."

"असंल कुनी खुळा!"

"म्हशीवर बसलाय. दोनी हात वर करून बोंबलतोय. गळ्यात क्यामेरा लोंबतोय." येसूबाईंनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा सुभेदारांच्या अंगावरच्या बिल्ल्यांच्या कोटाकडं. "आगं बया! भावजी, ह्ये तर तुमीच की! मग फोटू काढला कुनी, खंड्यानं?"