बहाव्याला पाणी कुणी घातलं?

तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, खाली नेऊन बहाव्याला घालायचं, एवढाच निर्णय मी घेतला होता. सासरी आल्यावर स्वतःच्या डोक्यानं घेतलेला पहिलाच. (दुसरा अजून घेतलेला नाही. का ते पुढे कळेलच.)

बहावा आमच्या बिल्डिंगसमोरच्या फुटपाथवर होता. आईंनी लावलेला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. त्या गेल्या आणि सर्वेशचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं, नाहीतर तीन वर्षं थांबा. त्यामुळे मी डोंबिवलीच्या या घरात आले ती घाईघाईत, आणि आले तेव्हा घरात बापलेक दोघं होते. दोघं मिळून दिवसभरात एका माणसाएवढंसुद्धा बोलत नव्हते. आंबिवलीला माहेरी मला सगळे घुमी म्हणायचे. इथे मी बडबडी ठरले.

रस्त्याकडेला झाडं लावून ती जगवणाऱ्यांचा आमच्या भागात एक ग्रुप आहे. आई त्यातल्या. पावसाळ्यात खड्डे खणून रोपं लावायची, आणि मग पुढच्या पावसापर्यंत कॅन भरभरून पाणी घालत फिरायचं. त्यांचा नियम असा, की पाणी घातलं की व्हॉट्सअ‍ॅपवर झाडाचा फोटो टाकायचा आणि खाली एक निळा थेंब. म्हणजे मागून येणारा पुढच्या झाडाकडे वळतो. आई गेल्या आणि आमच्या घरून थेंब जाणं बंद झालं.

सर्वेश तर बहाव्याचं नाव काढलं की उठून गॅलरीत जायचा. एकदाच म्हणाला, "आजारी असताना उन्हातान्हात कॅन उचलत फिरायची. मिळालं काय?" त्यामुळे मी पातेलं ओढणीआड लपवून न्यायचे. बाबांनाही सांगितलं नाही. नवी सून आली नाही तोच सासूच्या झाडावर हक्क सांगते, असं वाटायला नको.

होळीनंतर बहाव्याची पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, ऊन. मी डाळ धुतलेलं पाणीही न्यायला लागले. पानं आणखी पिवळी. मग बाथरूममधली छोटी बादली निघाली. आळ्यात कायम पाणी साचलेलं दिसायचं. चारी बाजूंनी सिमेंट, जाणार कुठे? पण मला वाटायचं, हे आपणच काल घातलेलं. (मी बी.कॉम. आहे.)

आईंचं वर्षश्राद्ध वैशाखात होतं. त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी बहाव्यापाशी जमायचं, असं ग्रुपनं ठरवलेलं. रसिकाताई, म्हणजे ग्रुपच्या सर्वेसर्वा, बाबांना फोनवर म्हणाल्या, "एखादा पिवळा तुरा आला तर काय होईल हो काका!" बाबा त्या दिवशी मागून घेऊन जेवले. ते पाहिलं आणि मी मोठी बादली काढली.

एका रविवारी सकाळी बाबा फिरायला गेलेत आणि सर्वेश अंथरुणात आहे अशी खात्री करून (ती उशी होती, हे नंतर कळलं) मी खाली उतरले. झाडापाशी बाबा उभे होते. हातात बादली. पलीकडून, वॉचमनच्या नळाकडून, सर्वेश येत होता. हातात कॅन.

"बाबा, तुम्ही इथे?" सर्वेशनं विचारलं.

"दूध आणायला निघालेलो."

"बादली घेऊन?"

"तू काय करतोयस?"

"गाडी धुवायला आलेलो."

"आपल्याकडे गाडी कुठाय रे?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बादली मागे लपवली. बादली माझ्यापेक्षा रुंद होती.

तेवढ्यात पायाशी कॅन रचलेली रसिकाताईंची स्कूटर येऊन थांबली. "अरे वा, अख्खं घर हजर!" म्हणत त्या झाडाकडे वळल्या आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी खोडाला हात लावला, जरासं वर ओढलं. श्रीखंडातून चमचा निघावा तसं झाड बाहेर आलं. मुळं काळी, बुळबुळीत. गटारासारखा वास.

"अहो, हे बुडालंय," त्या म्हणाल्या. "किती पाणी घालता?"

"मी सकाळी," बाबा म्हणाले. "एकच बादली."

"मी ऑफिसातून आल्यावर," सर्वेश म्हणाला. "रविवारी सकाळी."

"मी दुपारी," मी म्हणाले.

"आणि थेंब? तिघांतल्या एकाला थेंब टाकता आला नाही? थेंब दिसेना म्हणून मीपण येता-जाता एक कॅन ओतत होते!" हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते रसिकाताईंना ऐकू आलं. त्या स्कूटरवर टेकल्या.

आम्ही हसणारच होतो, खरंच. पण बाबा झाड मांडीवर घेऊन फुटपाथच्या कडेला बसले.

"शेवटी शेवटी तिला पाणी मोजून द्यायचं होतं," ते रसिकाताईंना म्हणाले, पण सांगत होते ते कुणाला, सगळ्यांनाच कळलं. "किडनीचं दुखणं. घोटभरच, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती मागायची, आणि मी घड्याळ दाखवायचो."

"उशाजवळची बाटली मी काढून घेतलेली," सर्वेश म्हणाला.

"माहितीये. सांगितलं होतं तिनं."

"काय म्हणाली?"

"रागावली नव्हती रे. म्हणाली, पोरगा रडत रडत बाटली घेऊन गेला, जरा बघा त्याच्याकडे." बाबांनी मुळांवरचा चिखल बोटानं पुसला. "मी बघायला हवं होतं."

सर्वेश त्यांच्या शेजारी बसला. मी आईंना कधी पाणी नाकारलं नव्हतं आणि दिलंही नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये माझ्यासाठी जागा नव्हती. काहीतरी करावं म्हणून मी दोन्ही बादल्या उचलल्या आणि पुढच्या झाडाकडे निघाले.

"अगं ए, त्याला झालंय!" रसिकाताई ओरडल्या. "थेंब पडलाय सकाळीच!"

सर्वेशच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा की रडण्याचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षश्राद्धाला सगळे रिकाम्या आळ्याभोवती जमले. कुणी भाषण केलं नाही. पावसाळ्यात नवा बहावा आला. बाबांनी रोप धरलं, सर्वेशनं माती लोटली. "तुमच्याकडचं कुणीतरी ग्रुपवर हवं आता," रसिकाताई म्हणाल्या. बाबा वर जाऊन आईंचा फोन घेऊन आले. वर्षभर ते तो चार्ज करून ठेवत होते, हे सर्वेशलाही ठाऊक नव्हतं.

"हिचा नंबर आहे की ग्रुपवर," ते म्हणाले आणि फोन त्यांनी माझ्या हातात दिला.

दिवाळीनंतर पाणी सुरू झालं. मी एक दिवसाआड एक तांब्या घालते, फोटो काढते, थेंब टाकते. ग्रुपवर नाव आईंचंच दिसतं, 'चित्रा'. पहिल्या थेंबानंतर दिवसभर तिथे कुणीच काही बोललं नाही. मग सवय झाली. घरी मात्र हा फोन वाजला की बाबा अजून दचकून वर बघतात.

परवा अपूर्व नावाच्या एका नव्या मुलाचा मेसेज आला. नुकताच ग्रुपात आलेला, त्याला आईंबद्दल कुणी सांगितलं नसावं. "काकू, या वयात तुम्ही एकट्या सगळं करता, ग्रेट! तुमच्याकडे नवी सून आलीये ना? तिला पाठवत जा की. घरात बसून काय करते?"

मी बाबांना वाचून दाखवला. मला वाटलं, आता खरं काय ते सांगून टाकावंच लागेल. बाबांनी फोन मागितला. चष्मा लावला. एका बोटानं बराच वेळ काहीतरी टाइप केलं, फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून गॅलरीत गेले. त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरत घाबरत पाहिलं. आईंच्या नावाखाली लिहिलं होतं:

"सून गुणी आहे हो. फक्त पाण्याचा हात सैल आहे तिचा. म्हणून मीच घालते."