जावईबापूंचे अनारसे

नागपुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या डोमाजींचा उजवा पाय हा त्यांचा जावई होता. डावा नुसता पाय.

नरखेडकडच्या बागेत संत्री तोडताना डोमाजी शिडीवरून पडले, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं बंद झालं. पण मुलांनो, बंद पडलेले पाय गप्प बसतात असं समजू नका. स्नायू आपोआप ताठ होत आणि पाय लाथ झाडी. उजवा तर भलता मानकरी. चादर खरखरीत, लाथ. गार वारा, लाथ. "जावईबापू रुसले," डोमाजी गंभीरपणे जाहीर करीत.

रोज सकाळी त्यांची बायको सुगंधाबाई टाच तळहातावर घेऊन तो पाय इंचाइंचानं सरळ करी. घाई केली की तो आणखी अकडे. "जोर नको लावू वं. जावयाले कोणी ओढून आणते का?" डोमाजी म्हणत.

एकदा दिवसभर लाथा चालल्या. काहून रुसले ते पाह्य, म्हणून डोमाजींनी शोध घ्यायला लावला. मोज्यात संत्र्याची बी निघाली. त्यांना स्वतःला ती टोचलीच नव्हती. झालं, जावयाचा भाव आणखी वाढला.

डॉक्टरांनी दिलेल्या पाय शांत करणाऱ्या गोळ्या मात्र कोनाड्यात तशाच पडून. एखाद्या दिवशी खुर्चीतून फेकले जाल, असं सुगंधाबाई बजावी. घरातला जावई हाकलू का, असं डोमाजी विचारीत.

अधिक महिना आला. जावयाला तेहतीस अनारसे द्यायची आपली रीत. डोमाजींनी ते ताट थाटात उजव्या गुडघ्यावर ठेवलं. जावईबापूंनी क्षणभर मान राखला, मग झाडली लाथ. अनारसे उडाले. एक बादलीत, एक माझ्या अंबाड्यात. हसून हसून मी भिंत धरली. तेवढ्यात त्याच झटक्यानं डोमाजी खुर्चीतून घसरले आणि त्यांना सावरताना सुगंधाबाईचं मनगट मुरगळलं.

डोमाजींचं हसू गेलं. "बाई," ते मला म्हणाले, "कोनाड्यातल्या गोळ्या द्या मले."

आठवड्यानं मी अनारसे तळून नेले. डोमाजींनी ताट पुन्हा गुडघ्यावर ठेवलं. ते हललं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. जावई काय तो एवढाच.

त्यांनी ताटाखालचा गुडघा थोपटला. मग हळूच म्हणाले, "थोडं तरी रुसा न, बापू."

सुगंधाबाईचा हात अजून फडक्यात बांधलेला होता. पहिला अनारसा डोमाजींनी स्वतः मोडला आणि तिला भरवला.