व्यंकटरावांचा पाय

आमच्या लातूरच्या कॉलनीत व्यंकटराव भाजीवाल्यालाही डोळे मिटून, हात जोडून 'नमस्ते' म्हणतात. तोवर भाजीवाला काटा सारखा करून घेतो. "आधी श्वास सोडा," ते त्याला सांगतात, "मग मेथीचा भाव सांगा."

व्यंकटराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. साठी उलटेपर्यंत त्यांनी कधी पद्मासन घातलं नव्हतं. मुलीकडे सहा महिने पोर्तुगालला गेले आणि तिथल्या समुद्रकाठच्या शिबिरात क्लारा नावाच्या बाईंनी त्यांना योग शिकवला. परत आले ते रबरी चटई आणि 'शवासना' हा उच्चार घेऊन. मारुतीच्या पुजाऱ्यांनी शेवटचा 'आ' काढून टाकायला सांगितलं. "क्लाराबाई असंच म्हणतात," एवढं बोलून व्यंकटरावांनी विषय संपवला.

मी एका दैनिकात काम करतो. रविवारच्या पुरवणीत मी त्यांच्यावर लेख लिहिला. योग शिकायला मुरुडहून पोर्तुगाल, असा त्याचा सूर होता. कॉलनी हसली. सोमवारी व्यंकटराव पुरवणी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"आणखी दोन अंक मिळतील का? क्लाराबाईंना पाठवायचेत."

"राग नाही ना आला?"

"राग कशाचा? माणूस हसला की श्वास सुटतो."

लेखातली एकही ओळ चुकीची नव्हती, त्यामुळे दुरुस्तीही छापता येत नव्हती. त्यानंतर जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी दाराआड थांबू लागलो.

गेल्या महिन्यात पाण्याचा जार उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. आई तेव्हा रेणापूरहून आली होती. तिचं माहेर मुरुड. तिनं माझ्या गोळ्या बाजूला सारल्या.

"उसणीला पायाळू लागतो. पायाकडनं जन्मलेल्यानं तीनदा पाय लावला की उतरती. आन् पायाळू तुझ्या शेजारीच हाय की. व्यंकट जन्मला तवा मी त्यांच्या दारातच हुते."

मी नको म्हणेपर्यंत ती त्यांना घेऊनही आली. व्यंकटराव पाय खुर्चीखाली ओढून बसले.

"अक्का, मी आता हे करत नाही."

"का? ल्हानपणी रांग लागायची की तुझ्याम्होरं."

त्यांनी पाय आणखी मागे घेतले. मग म्हणाले, "नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेब जेवायला आले होते. आईला उसण भरलेली. त्यांच्यासमोरच म्हणाली, व्यंकट, जरा पाय लाव रे. मी म्हटलं, आईला पाय लावणं पाप आहे. तसंच वाकून वाढलं तिनं. पापबिप काही नव्हतं, अक्का. साहेबापुढं लाज वाटली. ती जाईपर्यंत पुन्हा कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही."

"मग पोर्तुगालात काय झालं?" मी विचारलं. विचारायची सवय जात नाही.

"क्लाराबाई शेवटी सगळ्यांना पालथं झोपवून कमरेवर हळूच पाय ठेवायच्या. पहिल्याच दिवशी मी रडलो. लोकांना वाटलं, ध्यान लागलं."

माझ्या लेखात हे नव्हतं. मी त्यांना आसनांची नावं तेवढी विचारली होती, तीही त्यांच्या तोंडून हसण्याजोगी वाटायची म्हणून.

आई उठली. भिंतीला दोन्ही हात टेकून, पाठ करून वाकली.

"माझीबी कंबर धरली हाय. लाव."

तिला काही झालेलं नव्हतं. सकाळीच तिनं घरभर फरशी पुसली होती.

व्यंकटराव मोरीत गेले. उजवा पाय धुतला, टॉवेल मागून घेऊन बोटांमधून कोरडा केला. भिंतीचा आधार घेत त्यांनी तो उचलला. तीनदा त्यांनी तो तिच्या कमरेला लावला. मग खाली बसून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

आई वळली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण ऊठ म्हणाली नाही.

मी तिथून निघून जायला हवं होतं. कमरेतल्या कळेमुळे उठता येईना, म्हणून मी पडल्या जागीच दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं.