खालच्या बांधीचं पाणी

एका सकाळी गणपतनं चावडीसमोर जाहीर केलं, "आजपासून मी गणपत नाही. मले पानकर म्हना. गणपत म्हनान तर ओ देनार नाही."

मी हादरलो. पन्नाशी उलटलेला माणूस जुनं धोतर टाकावं तसं नाव टाकतो? कोतवालानं मुद्दाम त्याच्या तोंडासमोर उभं राहून "गणपत!" अशी हाक मारली. हा मागे वळून पाहू लागला.

"अबे, पागल होऊन राहिला का?"

"कोनाले हाका मारून राहिला, बावा?" गणपतनं आपुलकीनं विचारलं.

पानकर म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीनं धानाच्या बांध्यांत सोडणारा; गावात ते काम गणपतचंच. वरची बांधी भरली की तिचं पाणी खालच्या बांधीत. गणपत मुलांना वाचायलाही असाच शिकवी, तेही फुकट. संध्याकाळी त्याच्या ओसरीपासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मुलांची रांग बसे. धडा तो फक्त पहिल्याला देई. पहिल्यानं दुसऱ्याला शिकवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कोणी एकटाच घोकत बसला की हा ओरडे, "तुंबला रे तुंबला! फोड धुरा!" धुरा म्हणजे बांधीचा बांध. रांग संपली की विचारी, "खालच्या बांधीत पोचलं का?" तेव्हा आत बांगड्या वाजत. आम्हाला वाटे, त्याची बायको चुलीपाशी काम करत असेल.

माझी लेक यमुना रांगेत शेवटची, स्वयंपाकघराच्या दाराशी. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांसमोर वाचता आलं नाही तर शाळेतून काढा, असं मास्तरांनी बजावलं होतं. फुकटचं काही घेतलं की मला झोप लागत नाही, म्हणून मी गणपतकडे एक भोपळा घेऊन गेलो. तो म्हणाला, "पानी आपल्या उतारानं येते. त्याले भोपळा कायले?" भोपळा घेऊन परतलो. तीही रात्र वाईटच गेली.

एक दिवस यमुनेला घरी वाचायला बसवलं. तिनं 'घर' वाचलं, 'कमळ' वाचलं. 'गाय' आली आणि आठ वर्षांच्या पोरीनं माझं उपरणं ओढून डोक्यावर घेतलं, मान खाली घातली.

"काऊन वाचत नाहीस?"

"आजी वाचत नाही."

"कोण आजी?"

मी घाबरून तिला तशीच गणपतकडे नेलं. तिनं रांगेसमोर स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. "आतल्या आजीले मी शिकवून राहिली. ग आला का आजी तोंड झाकते. घरवाल्याचं नाव लागते म्हनते."

मी दाराकडे पाहिलं, मग रांगेकडे. चारचौघांत नवऱ्यासमोर पाटी घेऊन बसायची जिला लाज वाटे, तिच्यापर्यंत पोचायला त्यानं एवढा लांब पाट काढला होता.

गणपत पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. "तुंबलं," एवढंच पुटपुटला.

दुसऱ्याच सकाळी त्यानं चावडीसमोर नाव टाकलं.

त्या संध्याकाळी मीही ओसरीवर जाऊन बसलो. पोरं मजेनं "पानकरबावा, पानकरबावा" करत होती. धडा सरकत सरकत दाराशी पोचला.

"खालच्या बांधीत पोचलं का?"

बांगड्या वाजल्या नाहीत. मग दाराआडून बारीक आवाज आला, "ग... गाय."

"गाय!" यमुना मागोमाग ओरडली. तिचं डोकं उघडं होतं.

पानकर उठला. कोपऱ्यातलं फावडं खांद्यावर टाकून, आमच्याकडे न बघता, लगबगीनं पाटाकडे निघाला. धान केव्हाच कापून झालं होतं. पाटात पाणी नव्हतं.